शाळा जवळ होती, शेत लांब गेलं

वीज गेली की मी खाली उतरायचे. टांझानियात, दार-ए-सलामच्या उपांगा भागातल्या आमच्या इमारतीला जनरेटर होता, पण तो रात्री आठच्या आधी कोणी लावत नसे, आणि मार्चमधल्या त्या संध्याकाळी समुद्राकडून वाऱ्याची झुळूकसुद्धा येत नव्हती. फाटकापाशी कडुनिंबाचं जुनं झाड होतं. त्याला तिथे म्वारोबाईनी म्हणतात, चाळीस रोगांवरचं औषध म्हणून ‘चाळीस’वरून पडलेलं नाव. त्याच्या बुंध्याशी प्लास्टिकच्या खुर्चीत आमचे रखवालदार बसलेले असत. सगळे त्यांना म्झे म्हणत, म्हणजे वडीलधारे. त्यांच्या मांडीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदवही, पायाशी लहान रेडिओ. मी ‘शिकामू’ म्हणायचे, ते ‘माराहाबा’ म्हणायचे. शिकामूचा मूळ अर्थ ‘तुमचे पाय धरते’ हे कळल्यापासून तो शब्द तोंडात आला की मला माहेरच्या ओसरीवर उभं असल्यासारखं वाटायचं. माझी स्वाहिली तेव्हा चार महिन्यांची होती. पुस्तक आणलं होतं, पण खरी शिकवणी या झाडाखालीच चालायची. त्या दिवशी त्यांनी विचारलं, तुझे वडील काय करायचे? मी म्हटलं, म्वालिमू. शिक्षक. त्यांचा चेहरा उजळला. “कामा म्वालिमू!” म्वालिमूसारखे! तिथे नुसतं म्वालिमू म्हटलं तर शिक्षक कुठलाही असू शकतो, पण त्या सुरात म्हटलं की तो एकच असतो, देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे. हजाराच्या नोटेवरचा तो बारीक मिशीचा, हसऱ्या डोळ्यांचा माणूस. त्या आठवड्यात मी त्यांच्याबद्दल दोन टोकांची मतं ऐकली होती. जेवणाच्या टेबलावर कोणी म्हणालं होतं, त्यांनी देश बुडवला. भाजीवाली म्हणाली होती, तो आमचा बाप. म्हणून मी माझ्या मोडक्या स्वाहिलीत म्झेंना सरळच विचारलं, ते चांगले होते का?

म्झे बराच वेळ गप्प बसले. रस्त्यावरून एक दालादाला, म्हणजे तिथली मिनीबस, भरून गेली, तिचा कंडक्टर दारात लोंबकळत ‘पोस्टा, पोस्टा’ ओरडत होता. ती दिसेनाशी झाल्यावर म्झे म्हणाले, “अलिकुवा म्वालिमू.”

ते शिक्षक होते.

मला होय किंवा नाही हवं होतं. तीन वर्षं तिथे राहिले, परत येऊनही बराच काळ लोटला, पण ते वाक्य मनातून गेलेलं नाही. आधी वाटलं, म्झेंनी प्रश्न टाळला. रखवालदाराने इमारतीतल्या परदेशी बाईशी राजकारण कशाला बोलावं? पुढे हळूहळू वाटू लागलं की त्यांनी अगदी नेमकं उत्तर दिलं होतं. शिक्षकाच्या घरात वाढलेल्या मुलीला ते लगेच कळायला हवं होतं.

म्वालिमू हा शब्द अरबीतून आलेला, मुअल्लिमपासून. ज्या धातूपासून तो निघाला त्यातूनच आपली ‘तालीम’ आली. आपल्याकडे तिचा आखाडा झाला, नाटकाची रंगीत तालीमही झाली, पण मूळ अर्थ शिकवणं हाच. स्वाहिली शिकताना असे ओळखीचे चेहरे वरचेवर भेटतात. दुका, गारी, पेसा, बीमा. न्येरेरे स्वतः या भाषेच्या प्रेमात होते. त्यांची मातृभाषा झनाकी, व्हिक्टोरिया सरोवराच्या पूर्वेकडच्या एका लहानशा जमातीची. वडील जमातीचे प्रमुख. त्यांना बावीस बायका होत्या, न्येरेरेंची आई पाचवी. १९२२ च्या एप्रिलमध्ये बुटियामा गावी पावसात हे मूल जन्मलं, म्हणून पावसाच्या दैवताच्या नावावरून त्याचं नाव कांबारागे ठेवलं. बारा वर्षांचं होईपर्यंत त्या मुलाने शाळा पाहिली नव्हती. मग मुसोमाची प्राथमिक शाळा, ताबोरा, मकेरेरे आणि शेवटी एडिंबरा. शिकून परत आल्यावर ते दारजवळच्या, म्हणजे दार-ए-सलामजवळच्या, पुगूच्या मिशनरी शाळेत शिकवू लागले. १९५४ साली त्यांच्या नेतृत्वाखाली ‘तानू’ हा पक्ष उभा राहिला, आणि पुढच्या वर्षी शाळेने विचारलं, नोकरी की राजकारण? त्यांनी राजीनामा दिला. शिक्षकी माझ्या आवडीची, राजकारण अपघाताने, असं ते सांगत. मला वाटतं ती नोकरी त्यांनी सोडलीच नाही, फक्त वर्ग मोठा झाला.

स्वातंत्र्य मिळालं ९ डिसेंबर १९६१ ला. त्यानंतर सहाच आठवड्यांत या माणसाने पंतप्रधानपद सोडलं, ते खेड्यापाड्यांत फिरून पक्ष बांधायला. वर्ष संपता संपता ते राष्ट्राध्यक्ष झाले, आणि राष्ट्राध्यक्षाच्या घरात बसून त्यांनी शेक्सपियर स्वाहिलीत आणला. ‘ज्युलियस सीझर’चा त्यांचा अनुवाद १९६३ साली छापला गेला. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ पुढे १९६९ साली आलं, त्याचं नाव त्यांनी ठेवलं ‘माबेपारी वा वेनिसी’. बेपारी! आपला व्यापारी, गुजरात्यांच्या गलबतांतून गेलेला वेपारी. पण स्वाहिलीत तोवर त्या शब्दाचा अर्थ ‘भांडवलदार’ झाला होता, आणि समाजवादाची घोषणा करून दोन वर्षं झालेल्या राष्ट्राध्यक्षाने तोच शब्द पुस्तकाच्या कपाळावर लावला होता. दारच्या रस्त्यांवर आजही जुन्या इमारतींच्या माथ्यावर सिमेंटमध्ये गुजराती कुटुंबांची नावं आणि बांधणीची सालं दिसतात. त्यांच्याखालून जाताना हा शब्द मला दर वेळी आठवायचा.

आमच्याच मजल्यावर एक वृद्ध गुजराती बाई राहत. आम्ही त्यांना बा म्हणायचो. त्यांच्या सासऱ्यांनी शहरात तीन मजली इमारत बांधली होती, खाली दुकान, वर भाडेकरू. १९७१ साली कायदा आला. एक लाख शिलिंगांहून जास्त किमतीच्या, भाड्याने दिलेल्या इमारती सरकारच्या झाल्या. इमारत दहा वर्षांहून जुनी असेल तर भरपाईही नाही. बांच्या सासऱ्यांची जुनी होती. ते एका रात्रीत आपल्याच घरात भाडेकरू झाले आणि पुढच्या महिन्यापासून पावती घेऊन भाडं भरू लागले. दोन दीर कॅनडाला गेले, एक लंडनला. ‘आ देश तो छोडवो नथी’ म्हणत सासरे मात्र राहिले. बा हे सगळं सांगत असताना वाटीतली खाखऱ्याची चुरी बोटाने गोळा करत होत्या. त्यांच्या आवाजात राग होता, चाळीस वर्षं मुरलेला. मग त्या म्हणाल्या, “पण एक गोष्ट खरी. शेजारी युगांडात अमीनने आपल्या लोकांना हाकललं, याने नाही हाकललं. आणि याने स्वतःकरता काही नाही घेतलं. एक वीटसुद्धा नाही.” हे बोलताना त्यांना बरं वाटत नव्हतं. ज्याने आपलं घर घेतलं त्याच्या बाजूची साक्ष द्यावी लागते, याचंच त्यांना दुःख असावं. मला आठवलं, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९६१ च्या ऑक्टोबरात, नागरिकत्व फक्त आफ्रिकनांनाच द्या असा आग्रह सभागृहात झाला तेव्हा न्येरेरे भडकले होते. कातडीच्या रंगावर नागरिकत्व ठरणार असेल तर माझं सरकार राजीनामा देईल, असं त्यांनी बजावलं होतं. त्यांच्या मंत्रिमंडळात अमीर जमाल हे भारतीय वंशाचे गृहस्थ कित्येक वर्षं अर्थमंत्री होते. बांची इमारत गेली ती कातडीमुळे नाही, भाड्यामुळे गेली, हा फरक न्येरेरेंच्या लेखी फार मोठा होता. पण बांच्या सासऱ्यांना दर महिन्याला पावती घेताना तो किती जाणवला असेल?

न्येरेरेंच्या आयुष्यातला एक प्रसंग मला विसरता येत नाही. १९६६ च्या ऑक्टोबरात विद्यापीठातले विद्यार्थी सक्तीच्या राष्ट्रसेवेविरुद्ध मोर्चा घेऊन राष्ट्राध्यक्षांच्या निवासावर आले. त्या सेवेत पगाराचा मोठा हिस्सा कापला जाणार होता. एका फलकाचा आशय असा होता की याहून वसाहतीचं राज्य बरं. न्येरेरेंनी ऐकून घेतलं आणि मग त्यांचा संताप झाला. तुम्ही पगाराचं बोलता ना, आपण सगळेच फार घेतो, माझ्यापासून सुरुवात करतो, असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे स्वतःचा पगार वीस टक्क्यांनी कमी केला. आणि त्या सुमारे चारशे मुलांना विद्यापीठातून काढून गावी पाठवून दिलं. जेमतेम पाच वर्षांचा देश, शिकलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांतली चारशे घरी. हे वाचलं तेव्हा मला वर्गातला तो क्षण आठवला, गुरुजींचा आवाज एकदम खाली जातो आणि सगळ्यांना कळतं की आज काहीतरी होणार. स्वतःला शिक्षा करून घेणारा शिक्षक फार भयंकर असतो. त्याच्यापुढे बोलायला तोंडच राहत नाही.

माझे वडील तसे होते.

माणदेशातल्या एका वाडीवर ते प्राथमिक शाळेत गुरुजी होते. दोन खोल्या, पत्रे, समोर बाभळ. पटावर चाळीस मुलं, हजर बारा-पंधरा. उरलेली शेळ्यांमागे. वडील रोज सकाळी पंचक्रोशीत फिरून मुलं गोळा करायचे. पायात वहाण नसली तरी जायचे, तापात जायचे. स्वतःच्या पगारातून पाट्या आणायचे, त्यावरून आईशी त्यांचं कडाक्याचं भांडण मी ऐकलं आहे. एक मुलगा होता, फार हुशार. घरची शेळ्यांची जोखीम त्याच्यावर, म्हणून तो यायचाच नाही. वडिलांनी समजावलं, विनवलं, त्याच्या आईच्या दारात तासतास बसले. शेवटी एका सकाळी त्यांनी त्याच्या सगळ्या शेळ्या हाकत आणून शाळेमागच्या पडवीत कोंडल्या आणि त्याला वर्गात बसवलं. शाळा सुटली की शेळ्या सुटतील. असं आठ-दहा दिवस चाललं. पोरगा वाचायला लागला. मग एके दिवशी शेळ्या बुजल्या, त्या दाटीत एक करडू चेंगरून मेलं. माझ्या डोळ्यांसमोर आजही ते पांढरं, पुढच्या पायाला काळा ठिपका असलेलं करडू आहे. वडिलांनी पैसे देऊ केले. मुलाच्या आईने ते घेतले नाहीत. ती एवढंच म्हणाली, “गुर्जी, तुमचं समदं खरं हाय. पन आमाला इचारलं का?” तो मुलगा पुढे सातवीपर्यंत शिकला, सैन्यात गेला, दर दिवाळीला येऊन वडिलांच्या पाया पडत राहिला. त्याची आई आमच्या घरचं पाणी कधी प्यायली नाही. दोघंही एकाच घरात राहत होते.

या आठवणीजवळ मी इतकी वर्षं थांबत नव्हते. झाडाखाली म्झेंनी त्यांची गोष्ट सांगितली तेव्हा थांबावं लागलं. तोवर मला तिथे दीड वर्ष झालं होतं, माझी स्वाहिली जरा सुधारली होती. म्झे दोदोमाकडचे, गोगो जमातीचे. तिथली घरं मातीच्या सपाट धाब्याची, बरीचशी आपल्या माणदेशातल्या धाब्याच्या घरांसारखी. एकेकटी, लांब लांब विखुरलेली, प्रत्येकाचं शेत आणि गुरं त्याच्या दाराशी. न्येरेरेंचं म्हणणं असं होतं की माणसं अशी पसरली तर त्यांना शाळा कशी द्यायची, नळ कुठवर न्यायचा, दवाखाना कुणाच्या दारात बांधायचा? एकत्र या, एका गावात राहा, मिळून जमीन कसा. त्याला ते उजामा म्हणत. उजामा म्हणजे कुटुंबपण. आपल्याकडे भाऊबंदकी म्हणजे भांडण, हा शब्द त्याच्या अगदी उलट, एका चुलीभोवतीचा. १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यात, म्हणजे त्या समाजवादाच्या घोषणेत, आणि त्यानंतरच्या लिखाणात त्यांनी हे इतकं सुंदर मांडलं की जगभरातल्या चांगल्या माणसांना ते आपलंच स्वप्न वाटलं. सुरुवातीला ते सांगत, जबरदस्ती नाही, समजावून आणायचं. पण माणसं येईनात. दोदोमात १९७०-७१ लाच मोहीम झाली, आणि १९७३ च्या नोव्हेंबरात सगळ्या देशाला सांगण्यात आलं की गावात राहणं हा आता हुकूम आहे. तीन वर्षांत लाखो माणसं हलली किंवा हलवली गेली.

म्झे तेव्हा लहान होते, आठ-नऊ वर्षांचे. लॉरी आली, ते म्हणाले. आईने मडकी गोधडीत बांधली. आजी घराबाहेर यायला तयार नव्हती, तेव्हा माणसं धाब्यावर चढली आणि त्यांनी धाब्याची माती खाली ओढायला सुरुवात केली. आजी धुळीतून खोकत बाहेर आली. डांबरी रस्त्याच्या कडेला त्यांना एक जागा दाखवली, खुंट्या ठोकलेल्या, एकाला लागून एक. तिथे घर बांधा. पाऊस जवळ आला होता. आईचं शेत आता दोन तासांच्या वाटेवर होतं. ती पहाटे अंधारात निघायची, आणि पीक राखायला माणूस नसल्यामुळे पाखरं आणि डुकरं आधी खाऊन जायची. त्याच गावात सरकारने शाळा बांधली. म्झे तिथे पहिल्यांदा अक्षर शिकले. सात वर्षं शिकले. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी दोन लहान वाक्यं म्हटली, जशी आपल्याकडे म्हातारी माणसं म्हण म्हणतात तशी. “शुले इलिकुवा कारिबू. शांबा लिकावा म्बाली.”

शाळा जवळ होती. शेत लांब गेलं.

त्या सात-आठ वर्षांचा हिशोब पुस्तकांत खूप आहे. दुष्काळ आला, त्यात माणसं जमिनीपासून तुटलेली, धान्य परदेशातून आणावं लागलं. पुढे तेलाचे भाव, मग अमीनशी युद्ध, १९७९ च्या एप्रिलात सैन्य कंपालात पोचलं तेव्हा तिजोरी रिकामी. साबणासाठी रांगा, साखरेसाठी रांगा. बा सांगत की त्या काळात पाहुणा केनियातून टूथपेस्ट घेऊन आला तर दिवाळी वाटे. एकाच पक्षाचं राज्य, खटल्याविना तुरुंगात ठेवण्याचा कायदा, हेही त्याच माणसाच्या सहीचं. मी हे विसरायला तयार नाही. मला जास्त त्रास होतो तो दुसऱ्या गोष्टीचा. त्यांनी सहकारी संस्था मोडल्या. कापसाच्या आणि कॉफीच्या शेतकऱ्यांनी इंग्रजांच्या काळात, पदरचे पैसे घालून उभ्या केलेल्या संस्था १९७६ साली बरखास्त झाल्या आणि त्यांच्या जागी सरकारी महामंडळं आली. सहकार म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यात खाबूगिरी असते, राजकारण असतं, पण साखर कारखान्याच्या सभेत उठून अध्यक्षाला दोन शब्द सुनावणारा शेतकरी तिथेच घडतो. तो बोलणारा माणूस न्येरेरेंच्या वर्गात बसत नव्हता.

आणि तरीही, पायउतार होण्याच्या आदल्या वर्षी, १९८४ मध्ये, त्यांनी हे आपल्या तोंडाने कबूल केलं. पुन्हा सुरुवात करायला मिळाली तर दोन गोष्टी करणार नाही, स्थानिक स्वराज्य संस्था बरखास्त करणार नाही आणि सहकारी संस्था मोडणार नाही. आम्ही उतावीळ होतो, अडाणी होतो. सत्तेवर असलेल्या माणसाने उतावीळ आणि अडाणी हे शब्द स्वतःसाठी वापरल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. १९८५ च्या नोव्हेंबरात त्यांनी राष्ट्राध्यक्षपद सोडलं, कोणी हुसकावलं नसताना, आणि बुटियामाला मका पेरायला गेले. पुढे कधीतरी वॉशिंग्टनला जागतिक बँकेत त्यांना पहिलाच प्रश्न आला, तुम्ही अपयशी का झालात? त्यांनी उत्तरात हिशोब मांडला. इंग्रज गेले तेव्हा शंभरातली पंच्याऐंशी प्रौढ माणसं निरक्षर होती, देशात दोन इंजिनिअर होते आणि बारा डॉक्टर. मी सोडलं तेव्हा शंभरात एक्याण्णव साक्षर होती. बँकवाल्यांनी विचारलं होतं पैशाचं, यांनी दाखवला हजेरीपट. आपल्या देशाने गांधी शांतता पुरस्कार सुरू केला तेव्हा पहिला, १९९५ सालचा, त्यांनाच दिला. गांधींशी त्यांचं नातं होतंच. पण ‘आमाला इचारलं का’ हा प्रश्न गांधींच्या आश्रमातल्या बायकांनीही कधीतरी विचारला असेलच, असं मला वाटत राहतं.

१४ ऑक्टोबर १९९९ ला लंडनच्या रुग्णालयात ते रक्ताच्या कर्करोगाने गेले. त्या तारखेला तिथे सुट्टी असते आणि रेडिओवर दिवसभर त्यांची जुनी भाषणं लागतात. आवाज किंचित चिरका, मधेच खळखळून हसणारा, एकच वाक्य तीनदा फिरवून सांगणारा. माझ्या दुसऱ्या वर्षी त्या दिवशी मी दुपारीच खाली जाऊन बसले. म्झे ऐकत होते आणि विनोद यायच्या आधीच हसत होते, पाठ असल्यासारखे. शव दारला आणलं तेव्हा तुम्ही गेला होतात का, मी विचारलं. गेलो होतो. किती वेळ रांगेत होता? त्यांनी हाताने सूर्य उगवतो ती बाजू दाखवली आणि मग मावळतो ती. आजीच्या धाब्याबद्दल मी विचारणार होते. विचारलं नाही.

त्याच हिवाळ्यात मी वडिलांकडे आले होते. त्यांचे शेवटचे महिने. माणसं ओळखत नव्हते, मला बहीण समजत होते. एका पहाटे उठून बसले आणि अगदी स्पष्ट आवाजात म्हणाले, “त्या करडाचे पैसे पोचले का गं?” मी हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलाकडे पाहावं तसं, आणि पुन्हा आडवे झाले.

आम्ही दार कायमचं सोडलं त्या सकाळी टॅक्सी लवकर आली होती. बा दारात उभ्या, हातात थेपल्यांचा डबा. म्झेंनी सामान चढवायला मदत केली आणि मग नोंदवही उघडली, कारण बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद व्हायलाच हवी असा त्यांचा नियम होता. ती वही मी तीन वर्षं पाहत होते. गोल, सुटी, रेघेवर नीट बसवलेली अक्षरं, कुठे खाडाखोड नाही. डांबरी रस्त्याकडेच्या त्या गावात गिरवलेली. त्यांनी तारीख लिहिली, वेळ लिहिली, घराचा क्रमांक लिहिला. नावाच्या रकान्यात ते थोडे थांबले आणि मग सावकाश, मला वाचता येईल असं, लिहिलं: बिंती वा म्वालिमू. शिक्षकाची मुलगी.